गाडीतला पिवळा दिवा

दिवेलागण झाली की नीलम्मा हातात पिशवी घेऊन दाराशी उभी राहायची. पिशवीत एक लुगडं, पावडरचा रिकामा डबा आणि विभूतीची डबी. "चला की आता, मनिगे होगोण. घरी जाऊ," असं म्हणत ती कडीला हात घालायची. खरं तर जुळे सोलापुरातलं हे घर तिचंच. नवऱ्यानं, रेवणप्पांनी, बांधलं तेव्हा भिंतींवर पाणी मारायला हीच उभी असायची. पण ते तिला पटवून देण्याच्या भरीला घरात कुणी पडत नसे. पडून पडून सगळे दमले होते.

मुलगा प्रभुलिंग एका कॉलेजात हेडक्लार्क. दिवसभर पोरांचे आणि पालकांचे तगादे झेलून तो डोक्याचा भुगा घेऊन यायचा, बूट काढायचा आणि पुन्हा चपला घालायचा. कारण अव्वाला, म्हणजे आईला, 'घरी' न्यायचं असे. रेवणप्पांची जुनी पांढरी गाडी दारातच होती. अव्वाला पुढं बसवायचं, विजापूर रोडनं एक चक्कर मारायची आणि त्याच दारात आणून उतरवायचं. मग ती चप्पल काढता काढता म्हणायची, "आलो बाई एकदाचं!" आणि मुकाट्यानं जेवायची. हा उपाय कुठल्याही डॉक्टरनं सांगितला नव्हता. एकदा औषधाच्या दुकानातून तिला परत आणताना तो आपोआप सापडला होता. त्या चकरेवरच घरातल्या सगळ्यांचं जेवण आणि झोप अवलंबून होती.

त्या चकरेचीही एक रीत होती. रेवणप्पा कुठंही निघाले की चावी फिरवायच्या आधी गाडीतला टपाखालचा दिवा लावायचे. नीलम्मा डबी उघडून त्यांच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि मगच गाडी हलायची. रेवणप्पांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण अव्वाच्या बोटांना त्याची खबर नव्हती. त्या पिवळ्या, मिणमिणत्या उजेडात ती प्रभुलिंगाच्या कपाळावर रोज तशीच तीन बोटं ओढायची आणि म्हणायची, "सावकाश चालवा हं." त्याच्या डाव्या भुवईच्या वर लहानपणच्या खोकेचा व्रण होता. बोटं रोज त्या खोकेवरून जायची आणि त्यांना काही कळायचं नाही.

सुरुवातीला एकदा तो म्हणाला होता, "अव्वा, मी प्रभू. अप्पा गेले ना." तेव्हा तिनं जो आकांत मांडला, तो पाहून त्यानं कानाला खडा लावला. तेव्हापासून संध्याकाळी तो तिचा नवरा असायचा. दिवसा ती त्याला रेवणप्पांच्या आडत दुकानातला दिवाणजी समजायची आणि मोठ्या अदबीनं विचारायची, "दिवाणजी, चहा घेतला का?" मुलगा होण्याची पाळी काही येत नव्हती. याचं त्याला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला? बायको सिद्धेश्वरी दिवसभर सासूच्या मागं फिरून स्वतःच टेकीला आलेली असायची.

त्यात बॅटरीनं दगा द्यायला सुरुवात केली. परत आल्यावरही अव्वा बराच वेळ दिव्याखाली बसून राहायची, मालवू द्यायची नाही. मग दुसऱ्या दिवशी गाडी नुसती खाकरायची. शेवटी एका संध्याकाळी ती जागची हललीच नाही. अव्वा आत बसून रडू लागली, शेजारचे दोघे ढकलायला आले, प्रभुलिंगाची कंबर धरली, आणि सिद्धेश्वरी दारातून म्हणाली, "त्या दिव्याचं आधी काहीतरी करा हो. नाहीतर मला तरी कुठंतरी नेऊन सोडा."

स्टेशनाकडं धनाजीचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्यानं एक पट्टीसारखा एलईडी समोर टाकला. "हे लावा की सर. रातभर जाळला तरी बॅटरी खात न्हाय. आन उजेड बघा, लई भारी! दिवस उगवल्यागत."

रविवारी दुपारी प्रभुलिंगानं स्क्रूड्रायव्हरनं टपाखालच्या दिव्याचं झाकण उचकटलं. आतला बल्ब लिमलेटच्या गोळीएवढा, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या, काच धुरकटलेली. तो काढून त्यानं सवयीनं खिशात टाकला आणि एलईडी बसवला. लागेना! धनाजीला फोन केला.

"उलटा बसला असंल, सर. फिरवून लावा. जुन्याचं तसं नव्हतं, कसा बी लावा, जळायचा."

फिरवून लावला आणि गाडीत लख्ख पांढरा उजेड पडला. सीटची उसवलेली शिवण दिसली, पायाखालचे चिरमुरे दिसले. प्रभुलिंगाला बऱ्याच दिवसांनी काहीतरी धड झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी अव्वा बसली. त्यानं दिवा लावला. तिनं डोळे मिचकावले, डबी उघडली, बोटं बुडवली आणि हात वर नेला. तो हात तिथंच थांबला. ती बघत राहिली. मग एकच बोट भुवईवरच्या खोकेवर टेकवून म्हणाली, "प्रभ्या? तू हाईस व्हय रं?"

पन्नाशी उलटलेल्या हेडक्लार्कनं होकारार्थी मान हलवली.

"आडतीच्या पायरीवर पडला होतास. किती रगात! आन हे केस कधी पिकले? किती वाळलास रं बाळा. कुणी जेवाय घालत न्हाई का तुला?"

"घालतात की, अव्वा." त्याला इतका आनंद झाला होता की गाडी सुरू करायचंही सुचेना. वाटलं, असंच बसून राहावं, तिनं अजून चार गोष्टी विचाराव्यात, हवं तर रागवावं. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. मग मागच्या सीटकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"आन हे कुटं हाईत? त्यांची गाडी तू कशी काढलीस?"

"दुकानात हाईत."

"अंधार पडलाय. दुकान कवाच बंद झालं असंल." ती त्याच्या तोंडाकडं पाहत होती. पिवळ्या उजेडात खपून गेलं असतं, पण त्या लख्ख उजेडात आईपासून काय लपणार? "प्रभ्या, खरं सांग."

त्यानं सांगितलं नाही. पण त्याचा चेहरा बघून तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला, मंगळसूत्र चाचपू लागला आणि गळा मोकळा लागला. मग तिनं हंबरडा फोडला. चक्कर राहिली, जेवण राहिलं. सिद्धेश्वरी तिला मांडीवर घेऊन बसली, आणि प्रभुलिंग पायरीवर बसून अप्पांचं मरण पुन्हा पहिल्यापासून ऐकत राहिला.

सकाळी नीलम्मा फ्रेश होती. "दिवाणजी, चहा घेतला का?"

ऑफिसात दिवसभर त्याच्या मनात एकच घोळत होतं. दिवा तसाच ठेवला तर रोज संध्याकाळी ती त्याला हाक मारेल. प्रभ्या म्हणेल, गालावर हात फिरवेल. त्याला ते हवं होतं. अगदी लाज वाटावी इतकं हवं होतं. पण त्यासाठी तिनं रोज विधवा व्हायचं?

घरी आल्यावर त्यानं चहाही घेतला नाही. कालच्या कपड्यांचे खिसे चाचपून जुना बल्ब काढला आणि गाडीचं झाकण पुन्हा उचकटलं. सिद्धेश्वरी बाहेर आली. काय चाललंय ते तिला न सांगताच कळलं.

"आजचा दिवस राहू द्या की. तुम्हाला हाक तरी मारतील."

"नको."

"आणि बॅटरी बसली तर?"

"ढकलू."

तिनं झाकण त्याच्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि परत दिलं.

दिवेलागणीला अव्वा पिशवी घेऊन आली. दिवा लागला, पिवळा, मिणमिणता. तीन बोटं कपाळावरून गेली, खोकेवरूनही गेली. "सावकाश चालवा हं," ती म्हणाली. त्यानं चावी फिरवली. गाडी कुरकुरत सुरू झाली. एवढं तरी बरं झालं.

विजापूर रोडला लागल्यावर ती म्हणाली, "अहो, प्रभ्या आलता."

त्याचा पाय ब्रेकवर गेला. "कधी?"

"आलता की. माझ्या जवळच बसलता. लई थकलाय हो पोरगा. डोळे पार आत गेलेत, नीट निजत न्हाई वाटतं." पिशवी मांडीवर घट्ट धरून ती समोर बघत होती. "तो तुमच्या आडतीत आला न्हाई म्हणून तुमी त्याच्यावर लई ओरडता. आता ओरडू नका. त्याला म्हणावं, घरचं सगळं हुईल, तू जरा पड."

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. प्रभुलिंगानं गाडी कडेला घेतली. डोळे भरल्यामुळं पुढचा रस्ता त्याला दिसत नव्हता. शेवटी रेवणप्पा बोलायचे तशा चढ्या आवाजात तो कसाबसा म्हणाला, "बरं बरं. सांगतो त्याला."

"विसराल. तुमच्या काही ध्यानात राहत न्हाई."

"न्हाई विसरणार."

"मग चला की," नीलम्मा म्हणाली, "घरी पोरगा वाट बघत असंल."