सिंटच्या कवितेला धक्के बसले
 
नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावात बिघडलेल्या वस्तू नीट करून देणाऱ्या दुरुस्ती-कट्ट्यावर वीब्रेनच्या टेबलाला सायकलची घंटी ठोकलेली होती. काही दुरुस्त झालं की ती वाजवायची. दुरुस्त न होताच वाजवून लोकांना फसवायचा चावटपणा फक्त वीब्रेनचा. पन्नाशी उलटली तरी गडी सुधारला नव्हता.

त्या दुपारी त्याच्या शेजारच्या गल्लीतल्या तित्स्केबाई आल्या. भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला लॅपटॉप त्यांनी टेबलावर ठेवला.

"चालू होत नाही. काळ्या पडद्यावर लिहून येतं, डिस्क सापडत नाही म्हणून."

"पळून गेली असेल," वीब्रेन म्हणाला. "तुमच्या हातचं वाटाण्याचं सूप प्यायली का काल?"

बाई हसल्या नाहीत. एरवी त्यांनी त्याला फडक्यानेच हाणलं असतं. वीब्रेनने खुर्ची पुढे ओढली.

"आत काय आहे, बाई?"

"सिंटची कविता. आजची. जेल्मरसाठी."

बाईंच्या मुलाने, जेल्मरने, बापाची बोट न विचारता विकली, तेव्हा त्या "पुन्हा पाय ठेवू नकोस" म्हणाल्या होत्या, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आज सिंटरक्लासची, म्हणजे भेटवस्तू वाटणाऱ्या संत सिंटच्या सणाची संध्याकाळ. स्वतःच्या लेकीच्या हट्टापायी तो येणार होता. भेटवस्तूवरच्या कवितेत माणूस वाट्टेल ते बोलू शकतो, कारण बोलतो तो सिंट. खाली स्वतःचं नाव कुणी घालत नाही, नुसतं 'सिंट' लिहितात. तोंडावर माफी मागणं बाईंना या जन्मी जमलं नसतं.

"पुन्हा लिहा की."

"महिनाभर लिहितेय रे! संध्याकाळपर्यंत पुन्हा कशी जमायची? भाचा म्हणतो, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकू."

"त्या भाच्याला आधी नव्याने टाका."

वीब्रेनने बटण दाबून लॅपटॉपला कान लावला. पंखा फिरत होता, डिस्कची घरघर नव्हती. मग सुरुवातीच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिलं. तिथल्या यादीत डिस्कचं नावच नाही. म्हणजे विंडोज बिघडलं नव्हतं, डिस्कच मशीनला दिसत नव्हती.

"पाडलात?"

"छे! रोज लायब्ररीत न्यायचे, बस. घरी लिहिलं की साका मागून डोकावतो. नवरा कसला, मांजर आहे."

"नेता कसा?"

"सायकलच्या पिशवीत. आणखी कसा?"

"चर्चमागच्या विटांच्या रस्त्याने? त्या रस्त्यावर माझे दात हलतात, बाई! नवऱ्यापासून लपवलंत आणि डिस्कला उखळात घातलंत."

त्याने लॅपटॉप बंद केला, पालथा घातला, झाकण उघडून आधी बॅटरीची वायर सोडवली. डिस्कचा एक स्क्रू गायब, आणि डिस्क खाचेतून सुटून तिरकी बसलेली. त्याने ती हलकेच आत दाबली आणि बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पाचर लावली. बॅटरी जोडली. बटण.

घरघर आली. मग एक टकटक. वीब्रेनचा हात घंटीकडे गेला होता, तो मागे आला.

"वाजव की मेल्या!"

"आधी कॉपी, मग तमाशा. ही आवाज करतेय, फार दिवस टिकायची नाही. कविता कुठे ठेवलीय ते दाखवा." त्याने पेनड्राइव्ह खोचला आणि मान दुसरीकडे वळवली. वळवली खरी, पण एक डोळा पडद्यावरच होता. कविता पेनड्राइव्हवर उतरली, तेव्हा त्याने घंटी अशी बडवली की पलीकडे टोस्टर उघडून बसलेल्याच्या हातातला पेचकस पडला.

बाई कविता वाचत बसल्या. मग वरच्या ओळी भराभर पुसू लागल्या.

"अहो! एवढी जिवंत केली ती पुसायला?"

"वर त्याला बरंच सुनावलं होतं. नको ते."

छापलेला कागद कोपऱ्यातल्या प्रिंटरमधून वीब्रेननेच आणला. बाईंनी पेन मागितलं, खालचं 'सिंट' खोडलं आणि वाकड्या अक्षरात लिहिलं, 'आई'.

"हे नियमात बसत नाही हं," वीब्रेन म्हणाला. नजर अजून कागदावरच होती.

"वाचलंस ना शेवटी, चोरा!"

"तेवढा एकच शब्द."

बाईंनी कागद कोटाच्या आत ठेवला आणि लॅपटॉप पुन्हा सायकलच्या पिशवीत टाकायला निघाल्या. वीब्रेन ओरडत मागे धावला, गळ्यातला मफलर काढून त्याने पिशवीच्या तळाशी कोंबला.

"चालत जा, बाई! सायकल हातात धरून!"

"ओरडू नकोस," त्या म्हणाल्या, आणि खरंच चालत गेल्या.