चाबी द्वारकाबाईंच्या कमरेला

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे आणि माझ्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो. या वासाबद्दल मला तुमच्याकडे तक्रार करायची आहे.

माझा जन्म पन्नास वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. अंग लाल, मान लांब आणि तारांखाली एक काळी पट्टी. त्या पट्टीत चुंबक असतं आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. माझा आवाज तिथं राहतो. आवाज वाढवणाऱ्या मशीनला जोडलं तर मी गल्ली हलवते. नाही जोडलं तर माझ्यापेक्षा मच्छर बरा.

जुन्या जालन्यातल्या रहमतुल्लाचाचांच्या बँडपार्टीत मी चाळीस वर्षं वाजले. चाचांनी मला फार जपलं. दर जुम्म्याला मलमलच्या फडक्यानं पुसायचे, गंजायच्या आधी तारा बदलायचे आणि काम असो-नसो, रोज वाजवायचे. त्यांची बायको लालबीचाची म्हणायची, "निकाह के वक्त किसीने बोला नै, के घर में सौत बैठी है!"

मग चाचांची बोटं आखडली. मला विकायचं ठरलं. पहिलं गिऱ्हाईक एक हॉटेलवाला होता. त्याला माझ्या पोटात बल्ब बसवून मला भिंतीवर टांगायचं होतं. "ये बाजा है, झूमर नै," असं म्हणून चाचांनी त्याला चहाही न पाजता काढून दिलं.

दुसरा आला तो वडीगोद्रीचा भारत. हायवेला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची, हा त्याचा धंदा. चाचांनी काळी पट्टी उघडून दाखवली, तसा तो जागचा उठलाच.

"चाचा, ही तर आपलीच वायंडिंग! इतकी बारीक? कोन्या हातानं भरली असंल हो?"

आजवर लोकांनी माझा रंग पाहिला, आकार पाहिला. माझं काळीज पाहून हरखलेला हा पहिलाच माणूस. चाचांनी तिथंच सौदा पक्का केला, पण एक शर्त घातली.

"एक महिन्यानं मी येऊन ऐकतो. वाजली न्हाई, तर वापस घेऊन जातो. बराबर?"

"बिलकुल बराबर, चाचा!"

एसटीत त्यानं मला मांडीवर आडवं घेतलं. कंडक्टरनं विचारलं, "इस्त्रीचा टेबल हाय का?" तरी याच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. माझ्या मानेवरून तो सारखा हात फिरवत होता. मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. मित्रांनो, तेवढाच काय तो आनंद.

दारात भारतची माय उभी होती, द्वारकाबाई. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा झालीच पाहिजे, आणि द्वारकाबाईंना एकच पूजा पाठ होती, मोटारसायकलची. त्यांनी माझ्या लाल अंगावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, गळ्यात लिंबू-मिरची बांधली. मग दुसरं लिंबू हातात घेऊन मला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं.

"आरं भारता, हे चाकाखाली ठेवायचं अस्तं. हिला तर चाकंच न्हाईत!"

शेवटी लिंबू जमिनीवर ठेवून मलाच त्यावर टेकवलं. नारळ फुटला, तेव्हा भारत आडवा आला म्हणून पाणी त्याच्या पाठीवर गेलं. माझ्या काळ्या पट्टीवर मात्र हळद पडलीच.

त्यानंतर मला लोखंडी कपाटात ठेवलं. वर पैठणी, खाली शालू, मधे मी, आणि चारही कोपऱ्यांत डांबरगोळ्या. चाबी द्वारकाबाईंच्या कमरेला. पाहुणे आले की कपाट उघडायचं. "कलकत्त्याची हाय, हात लावू नका," म्हणायचं आणि बंद करायचं. भारतनं मागितलं की एकच उत्तर.

"महागाची वस्तू हाय, बाप्पा. वाजवून झिजवतो काय?"

चाळीस वर्षं मी झिजले नव्हते. कपाटात तीस दिवसांत माझ्या तारांना गंज धरला. बाहेरून टिंग-टिंग ऐकू यायचं. भारतनं एका फळीवर मोटारीची तार ताणली होती आणि तिच्यावर बोटं बसवत होता. स्वतःची गिटार असताना माणूस फळी वाजवतो, अशा घरात कधी राहिलात का?

ठरल्या दिवशी चाचा-चाची दुपारच्या एसटीनं आले. पाहुणेच म्हटल्यावर कपाट उघडलं. माझ्या गळ्यातली वाळकी मिरची पाहून चाचांचा चेहरा उतरला.

"थांबा चाचा, वाजवतो," म्हणत भारत पळाला. समोरच्या देवळातलं भजनी मंडळाचं मशीन त्यानं ओसरीवर आणलं. भोंगा देवळावरच होता, लांब वायरीनं मशीनला जोडलेला. मंडळाचे अण्णासाहेब सकाळ-संध्याकाळ त्याच भोंग्यावर गात. भारतनं मला जोडलं, आवाज पूर्ण उघडला आणि माझ्या गंजलेल्या खुंट्या पिळायला पाना आणायला घरात गेला.

आता माझी एक जुनी खोड सांगते. माझी तांब्याची तार सैल झाली आहे. जवळ कोणी मोठ्यानं बोललं, की तेही मी उचलते. आणि द्वारकाबाई हळू बोलत नाहीत. त्या पदरानं माझी हळद पुसत लालबीचाचीला सांगू लागल्या.

"कशाचं मशीन अन् कशाचं काय! तो अण्णासाहेब गाया लागला की आमची म्हैस दूध चोरती!"

सगळ्या वडीगोद्रीनं ते ऐकलं. रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा हसायला लागले. दोन मिनिटांत अण्णासाहेब ओसरीवर हजर.

"माझ्याच मशीनवर माझी इज्जत काढून राह्यले! काढ ती वायर!"

त्यांचा हात वायरीवर, चाचांचा हात माझ्या मानेवर. भारत मधे घुसला, मला गळ्यात अडकवलं आणि वाजवायला लागला. गंजक्या तारा बोटांना कापत होत्या. तरी चाल ओळखू येत होती. अण्णासाहेबांनी वायर ओढता ओढता सोडली.

"ही चाल कोनाची रे?"

"तुमचीच, अण्णा. रोज भोंग्यावर ऐकतो ना. फळीवर शिकलो."

अण्णासाहेब खांबाला टेकून बसले. "तिसऱ्या जाग्याला चुकला. परत घे."

भारतनं परत घेतलं. परत चुकलं. चाचांनी माझ्या मानेवरचा हात काढला आणि द्वारकाबाईंपुढं धरला.

"आक्का, चाबी द्या."

"कोन्ती चाबी?"

"कपाटाची. मी बाजा घ्यायला आल्तो. बाजा राहू द्या, चाबी नेतो."

"अन् माझी पैठणी हो, भाई? उघड्यावर?"

"नेसो ना बाई, रोज नेसो!" लालबीचाची म्हणाली.

चाबी खरंच जालन्याला गेली, कपाट उघडंच राहिलं. तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी कुलपात असेल. पेटी असेल, कॅमेरा असेल, नाहीतर मामानं दिलेली बॅट. कृपा करून काढा. पुसा, तेल द्या आणि वापरा. चुकीचं वाजवलं तरी चालेल. भारत आजही तिसऱ्या जागी चुकतो, आणि अण्णासाहेब रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन त्याला ओरडतात.