जादा किल्ली

तिने कोडच्या फायलीत कुलपाची एक ओळ वाढवली.

टेबलाच्या आखूड पायाखाली दुमडलेला पुठ्ठा होता.

वहिनीने मोबाइल उपडा ठेवला.

परवा दादाला गुंतवणूकदारांपुढे अ‍ॅप दाखवायचं होतं.

लॅपटॉपवर लाल अक्षरं उमटली.

"बोंबललं का?" दादाने टेबलापलीकडून विचारलं.

"कुलपाचा आयता कोड नवा, आपलं प्रोजेक्ट जुनं. जुळायला वेळ लागतो." त्याच्या बहिणीने आवृत्तीचा आकडा बदलला, पुन्हा चालवलं. हिरवं. हे रोजनिशीचं अ‍ॅप. लोक त्यात मनातलं लिहिणार, म्हणून ज्याच्या नोंदी त्याच्याच पासवर्डच्या कुलपात. कोड तिचा, बाहेरची धावपळ दादाची आणि लिहून बघायचं काम वहिनीचं.

"एक जादा किल्ली आपल्या सर्व्हरवर ठेव," दादा म्हणाला. "लोक पासवर्ड विसरतात."

"विसरले तर लिहिलेलं गेलं. तसं आधीच ठळक सांगू."

"शिव्या खाशील."

"तुझ्यामुळे सवय आहे."

वहिनी हसली नाही. ती टेबलावरचा एकच डाग पुसत होती.

"बरं, निदान हिच्या चाचणीच्या नोंदी उघड्या राहू दे. परवा दाखवायला होतील. काय लिहिलंय ते बघू तरी."

फडकं थांबलं.

"जुन्या नोंदींनाही कुलूप," लॅपटॉपवर बोटं चालवत बहीण म्हणाली. "दाखवायला मी खोट्या बनवून देते. तुझ्या कवितांपेक्षा बऱ्या असतील."

"अगं, घरचीच माणसं आपण."

"घरच्यांसाठीच तर कुलूप लागतं, दादा. चोराला कुणाच्या मनातलं घेऊन काय करायचंय?"

दादाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत गॅलरीत गेला.

तिने नवी आवृत्ती वहिनीच्या मोबाइलवर चढवली आणि तो तिच्यापुढे सरकवला.

"पासवर्ड टाक. टाकलास की जुन्या नोंदी कुलपात जातील, उघडी प्रत पुसली जाईल. मला सांगू नकोस."

"आणि विसरले तर, वन्सं?"

"तू नाही विसरणार."

वहिनीची बोटं चालू झाली. नणंद लॅपटॉप सोडून खिडकीशी गेली आणि टकटक थांबेपर्यंत समोरच्या भिंतीला रंग देणाऱ्या माणसाकडे बघत राहिली.

फायलीत कुलपाची ती ओळ वाढवण्याआधी, वहिनीचा मोबाइल तपासणीसाठी लॅपटॉपला जोडला तेव्हा, वहिनीची पहिली नोंद तिने वाचली होती : दुसऱ्या शहरातली नोकरी मिळाली, मी एकटीच जाणार आहे, याला अजून सांगितलेलं नाही.