पाववाल्या बाबांच्या खोलीतला कूलर

मी एक जुना कूलर आहे. हसू नका मित्रांनो. अंगावर गंज चढलाय, एक चाक निखळलंय, सुरू झालो की पहिली दोन मिनिटं खोकतो, सगळं खरं. पण माझ्या पाठीशी बावीस उन्हाळे आहेत, आणि त्यातल्या एका उन्हाळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, चार माणसं आणि दहा-बारा हातोड्या! तिथल्या मिस्त्रीनं मला ठोकून ठोकून घडवलं. पोटात पाण्याची टाकी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, पाणी वर चढवायला छोटा पंप आणि मधोमध पंखा. गवतावरून पाणी झिरपतं, पंखा बाहेरची गरम, कोरडी हवा त्या ओल्या गवतातून ओढतो आणि ती गार होऊन खोलीत जाते. एवढंच माझं शास्त्र. मिस्त्री मला एका शिंप्याच्या दुकानात पोचवायला आला तेव्हा बजावून गेला, "ह्याचं तोंड आत, पाठ बाहेर. विसरायचं नाही."

दुकानातल्या मास्तरांनी मला खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवलं. काय ते दिवस होते! माप देऊन झालं तरी गिऱ्हाईक उठायचं नाव घेत नसे. माझी तारीफ ऐकून माझाच पत्रा फुगायचा. त्या दुकानात एक मुलगी काजं-बटणं शिकत होती. पुढे ती उत्तम शिवायला लागली, तिचं लग्न झालं, आणि मास्तरांनी दुकान बंद केलं तेव्हा मला तिच्या घरी धाडलं. "तुझं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. तुलाच ह्याची गरज," ते म्हणाले. तिचे सासरे तिला सूनबाई म्हणत, म्हणून मीही सूनबाईच म्हणतो.

सासऱ्यांना सगळी गल्ली पाववाले बाबा म्हणायची. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची बेकरी होती. चाळीस वर्षं ते भट्टीपुढे उभे राहिले. मग छातीचं दुखणं निघालं, जिने बंद झाले, आणि बाबा तिसऱ्या मजल्यावर खिडकीलगतच्या खाटेवर आले. खाली पाव निघाला की वास वर यायचा. बेकरीतली माणसं खालून ओरडायची, "बाबा, आजचा कसा झालाय?" बाबा नाकानंच सांगायचे, "थोडा कमी भाजलाय!" आणि गंमत म्हणजे ते बरोबर असायचं.

मी तिथे आलो तेव्हा उन्हाळा डोक्यावर होता. वर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन. सूनबाईचा नवरा लांबच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सगळं तिच्याच गळ्यात. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी भिंतीवरचं तापमापक पाहिलं. दुपारचे तीन वाजले होते आणि आकडा होता एकोणचाळीस.

"ह्या खोलीत ह्यांना ठेवता येणार नाही," त्या स्पष्टच बोलल्या. "दहा दिवस देते. दुपारी तीनला बत्तीसच्या खाली आणून दाखवा. नाहीतर थोरल्याकडे हलवा."

थोरला मुलगा दुसऱ्या गावी राहायचा. तळमजल्याचं घर, माणूसही चांगला. पण बाबांना इथून जायचं नव्हतं. ते खिडकीचा गज धरून बसले. सूनबाईनं ते पाहिलं आणि पदर खोचला.

आता मित्रांनो, इथे आमच्या सूनबाईची चूक झाली, आणि ती चूक फक्त एखादी कसबी शिलाईवालीच करू शकते. शेजारच्या वहिनींकडे एसी होता. त्यांनी सल्ला दिला, "सगळं घट्ट बंद ठेव गं, नाहीतर गारवा पळतो." एसीसाठी ते अगदी बरोबर. पण मी एसी आहे का? सूनबाई दोन दिवस मशीनवरून उठली नाही. खिडकीच्या प्रत्येक फटीला मापात बसणारी कापसाची लांब उशी. दारालाही खाली तशीच. आतून दुहेरी अस्तराचा जाड पडदा, त्याला अशी बारीक टीप की मलासुद्धा कौतुक वाटलं. मुंगीला शिरायला जागा ठेवली नाही. मास्तरांच्या दुकानात मी खिडकीबाहेर बसायचो हे त्या नादात ती साफ विसरली, आणि मला ठेवलं कुठे? खोलीच्या आतल्या कोपऱ्यात!

झालं! तीच ती हवा मी आत घेणार, तीच ओली करून परत सोडणार. पहिला तासभर बरं वाटलं, मग खोलीत नुसता दमटपणा. चादरी ओलसर, भिंती चिकट, बाबांच्या अंगावरचा घाम सुकेना. आकडा छत्तिसाखाली येईना आणि बाबांना धाप लागायला लागली. सूनबाईनं वीजवाल्याला बोलावलं. त्यानं मला दोन चापट्या मारल्या आणि निकाल दिला, "ताई, हा गेला. भंगारात द्या." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला भयंकर राग आला होता. पण तोंड असून बोलता येत नाही, काय करणार?

आठवा दिवस उजाडला. थोरल्या भाऊजींचा फोन आला, "परवा रविवारी येतो. बाबांची बॅग भरून ठेव." सूनबाई खाटेशी बसून बाबांचे सदरे घड्या करायला लागली. तिसऱ्या सदऱ्याला तिचा हात थांबला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबा, माझ्याकडून नाही झालं हो. तुम्ही तरी सांगा, काय चुकतंय माझं?"

बाबांनी तिच्या हातातला सदरा काढून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "पोरी, भट्टी पेटवताना धुराड्याची झडप उघडली नाही तर काय होतं?"

"धूर कोंडतो."

"कोंडतो ना? हवा बाहेर जायला वाट नसेल तर नवी हवा आत यायची कुठून? ह्या बिचाऱ्याला बाहेर गॅलरीत ठेव. तोंड इकडे. आणि ही माझी खिडकी वीतभर उघड."

सूनबाईनं मान वर केली. "तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी जीव लावून शिवत होतीस," बाबा म्हणाले. "कुठल्या तोंडानं सांगू, उसव म्हणून?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, मित्रांनो! शेजारीण झाली, वीजवाला झाला, पण हवा कशी वाहते हे चाळीस वर्षं पाहिलेल्या माणसाला कोणी विचारलंच नव्हतं. सूनबाई रडता रडता हसली. "अहो बाबा, उसवणं हे तर माझं रोजचं काम आहे!" आणि तिनं कात्री घेतली.

त्यापुढचे दोन दिवस मी तिच्याकडे पाहत राहिलो आणि मनातल्या मनात तिला शंभर सलाम केले. तिनं मला गॅलरीत सावलीला नेलं, टाकीतला क्षार खरवडला, काळं पडलेलं गवत काढून नवं भरलं. माझं तोंड गॅलरीच्या खिडकीत बसवलं. मग बाबांची खिडकी वीतभर उघडून गजाला शिवणाचा एक दोरा बांधला. मी सुरू झालो, दोनदा खोकलो, आणि दोरा सरळ बाहेरच्या बाजूला झुकला. "जातेय, बाबा! हवा बाहेर जातेय!" ती लहान मुलीसारखी ओरडली.

एवढ्यावर थांबेल तर ती सूनबाई कसली? ऊन काचेतून आत आलं की ते पाहुणा राहत नाही, घरजावई होऊन बसतं. म्हणून तिनं आतला जाड पडदा उसवून त्याची बाबांच्या खिडकीबाहेर उतरती छपरी शिवली. ऊन बाहेरच अडलं, खालून वारा मोकळा. राहिला वरचा स्लॅब. शनिवारी सकाळी बेकरीतले चौघे चुन्याच्या बादल्या आणि कुंचे घेऊन गच्चीवर चढले. सूनबाई म्हणाली, "अहो, कपडे खराब होतील तुमचे." त्यातला एक म्हणाला, "ताई, रोज पिठात लोळतो. आम्हाला पांढरं व्हायचं काय कौतुक?" दुपारपर्यंत गच्ची अशी पांढरीशुभ्र झाली की डोळे दिपावेत. तळपणारं ऊन आल्या पावली परत जायला लागलं.

रविवारी जेवणं झाल्यावर थोरले भाऊजी आले. घामाघूम, हातात परतीची दोन तिकिटं. "बाबा, आज मी काही ऐकणार नाही," दारातूनच म्हणाले. सूनबाईनं फक्त खुर्ची पुढे केली. "तीन वाजेपर्यंत बसा भाऊजी. आकडा बघा आणि मग न्या."

ते बसले. माझा वारा समोरूनच येत होता. मी त्या दिवशी जेवढा जीव होता तेवढा ओतला. भाऊजींनी शर्टाचं वरचं बटण सोडलं, पाय पसरले, बाबांशी इकडचं तिकडचं बोलले, आणि पावणेतीनला घोरायला लागले.

तीन वाजले. सूनबाई तापमापकाजवळ गेली. एकतीस! डोळे चोळून तिनं परत पाहिलं, एकतीसच. धावत ती भाऊजींना हलवायला गेली, तर बाबांनी हात वर केला.

"झोपू दे गं. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याजवळ इतका वेळ बसलाय."

भाऊजी उठले तेव्हा साडेपाच झाले होते आणि गाडी केव्हाच निघून गेली होती. त्यांनी आकडा पाहिला, वरच्या स्लॅबला हात उंचावून पाहिलं, मग खिडकीतल्या दोऱ्याकडे बघत राहिले. शेवटी खिशातली तिकिटं काढून सूनबाईच्या हातात दिली. "फाडून टाक. पुढच्या रविवारी परत येतो."

"मला न्यायला?" बाबांनी विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "झोपायला."

मित्रांनो, आता माझी मोटर थकली आहे. घरात नवा कूलर आलाय आणि मी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कुंड्या सांभाळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला बाहेरची हवा द्या, समोरची खिडकी किलकिली ठेवा, दर उन्हाळ्याला त्याचं गवत बदला, पाणी साचू देऊ नका. ऊन बाहेरच अडवा. आणि घरात कोणी खाटेवर गप्प पडून असेल, तर शेजाऱ्यांना विचारण्याआधी त्याला विचारा. "मी आठ दिवस उशिरा विचारलं," असं सूनबाई आजही हळहळते. मी म्हणतो, विचारलं ना! त्या एका प्रश्नानं बाबांना त्या खिडकीतले आणखी सहा उन्हाळे मिळाले.