फातोकुन बाबांची उभी काठी

गौरांगी नागपूरची फिजिओथेरपिस्ट. कॅनडातलं लायसन्स मिळेपर्यंत ती रिचमंड हिलमध्ये फातोकुन बाबांची देखभाल करायची. बाबा नायजेरियातले योरुबा वैद्य; झाडपाल्यानं माणसं बरी करण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता डावं अंग लुळं पडलेलं. पलंगाशेजारी मातीनं भरलेल्या बादलीत त्यांची लोखंडी काठी रोवलेली होती. टोकाला एक मोठा पक्षी, त्याच्याभोवती सोळा लहान.

"वैद्य जिवंत आहे तोवर ही उभी," बाबांनी तिला सांगितलं होतं. "तो गेला की मगच आडवी करायची."

त्यांची मुलगी बोसेडे चर्चला जाणारी. तिला ती काठी घरात नकोच होती. एका गुरुवारी दुपारी ती आली आणि म्हणाली, "बाबांना नर्सिंग होममध्ये जागा मिळतेय. हे लोखंड तिथे अलाउड नाही. जरा धर खालून."

नको, असं गौरांगीच्या ओठांवर आलं होतं. पण पीआरच्या, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या फाइलसाठी बोसेडेचं नोकरीचं पत्र हवं होतं. तिनं मुकाट्यानं हात लावला. दोघींनी काठी उपटली, माती झटकायला बाबांच्या डोळ्यांदेखत कार्पेटवर आडवी केली, आणि बोसेडे ती गाडीत घालून घेऊन गेली.

बाबांनी बादलीतल्या खड्ड्याकडे पाहिलं. मग शांतपणे त्यांनी विचारलं, "मी गेलो का?"

"नाही हो बाबा. असं काय बोलता?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणं सोडलं, खाणंही. सूप ओठांवरून ओघळून जायचं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. रविवारी गौरांगीनं धीर करून बोसेडेला फोन लावला. "काठी परत आणा. निदान त्यांना दिसू दे."

"ती भंगारात दिली मी," बोसेडे म्हणाली.

नवव्या दिवशी गौरांगी अंग पुसत असताना बाबांचा श्वास थांबला.

दफन झाल्यावर बोसेडे पत्र द्यायला आली. सही केलेला कागद टेबलावर ठेवून तिथेच बसून राहिली.

"शेवटचं काही बोलले?"

खोटं बोलणं सोपं होतं. गौरांगीनं खरं ते सांगितलं.

बोसेडेनं हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"मलाही त्यांनी त्याच गुरुवारी संध्याकाळी फोन करून हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "मी हसले."