खोटा भोंगा

तिला सगळे कळलावी म्हणायचे आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. कामच तसलं होतं हो! सुरळीत चाललेलं बिघडवायचा पगार घ्यायची बाई. अंतराळवीर सरावाच्या यानात जाऊन बसले, की पलीकडच्या खोलीतून ही बया बटणं दाबून त्यांच्यामागे एकेक शुक्लकाष्ठ लावायची. कधी इंजिन बंद, कधी वीज गुल, आणि तोंडी लावायला हवेचा भोंगा.

यानातली हवा खराब झाली की तो भोंगा वाजतो. हिने तो सरावात उठताबसता खोटा वाजवला होता. इतका, की शेवटी शेवटी कोणी दचकेनासंच झालं. तिला तेच तर हवं होतं. घाबरून धावाधाव करणारी माणसं वर काय कामाची? आधी यंत्रावर संशय घ्या, मग हवेवर, असं ती सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडायची.

आणि आज भर दुपारी, चंद्राजवळ पोचलेल्या यानात तोच भोंगा खराखुरा वाजला, आणि यान चालवणाऱ्या मुलीने तो हसत हसत बंद करून टाकला. मुलगी म्हणजे कळलावीची सख्खी भाची, भावाची लेक. घरातलं नाव ठमी.

पन्नासेक वर्षं चंद्राकडे माणूस फिरकला नव्हता. नियंत्रण कक्षाबाहेरच्या लांब बोळात जुने फोटो लावलेले होते: पहिल्यांदा वर पाठवलेली कुत्री, जी परत आलीच नाही, मग पृथ्वीभोवती फिरलेली माणसं, मग चंद्रावर उमटलेला बुटाचा ठसा. शेवटच्या भिंतीवर न परतलेल्यांचे चेहरे. या खेपेला नुसती चंद्रामागून चक्कर मारून यायचं होतं, म्हणजे पुढे मंगळाचा विचार करता येणार होता. त्या शेवटच्या भिंतीकडे बघायचं कळलावी सकाळपासून टाळत होती.

नियंत्रण कक्षात ती मागे भिंतीशी बसली होती. नियमच होता तसा, नातेवाइकाने माइकला हात लावायचा नाही. वर बोलायचं ते एकानेच. दहा तोंडांनी दहा गोष्टी गेल्या तर वरच्यांनी ऐकायचं कुणाचं? म्हणून एक शांत, गोड गळ्याचा माणूस त्या कामाला नेमलेला होता. त्याला सगळे बोलक्या म्हणायचे.

"भोंगा का बंद केलास?" बोलक्याने विचारलं.

इथला शब्द तिथे पोचून उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागायचे. तेवढ्यातही लोकांचा जीव टांगणीला लागे.

"यंत्र खोटं बोलतंय," ठमी म्हणाली आणि खुदकन हसली.

यंत्र खोटं बोलत नव्हतं. इथल्या पडद्यावर हवा मोजणारा दुसरा काटाही चढत होता. हवा शुद्ध करणारा पंखा बंद पडला होता. यानात दोघंच होती; कॅप्टन मागे झोपला होता आणि हाकेला ओ देत नव्हता.

"आपल्याच श्वासाची घाण डोक्यात चढते," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "माणूस आधी हसतो, मग हट्टाला पेटतो, मग झोपतो."

"आणि मग?" मुख्य साहेबांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या काट्याकडे बोट केलं.

थोड्याच वेळात यान चंद्राच्या आड जाणार होतं. तिथून ना आवाज जातो, ना येतो.

"ठमे, नीट ऐक. मास्क लाव. हवा खरंच खराब आहे," बोलक्या जीव तोडून सांगत होता.

"छे! मला नका शिकवू. हा आत्याचा चावटपणा आहे. तिलाच विचारा."

पाच वेळा सांगितलं, पाचही वेळा तेच. मुख्य साहेबांनी हात टेकले. ते मागे वळले आणि म्हणाले, "ये इकडे. नियम गेला खड्ड्यात."

कळलावी उठली. बोलक्याने आपली खुर्ची दिली, हेडफोन दिला.

"ठमे, मी बोलतेय. बाळा, हे खरं आहे. तुझ्या बाबाची शपथ, खरं आहे."

"हं! मागच्या वेळीपण असंच म्हणाली होतीस," ठमी म्हणाली. जीभ जड झाली होती. "झोप येतेय गं मला..."

म्हणाली होती खरी. सरावात शपथासुद्धा घातल्या होत्या हिने, पोरं फसतात की नाही ते बघायला. आता काय तोंडाने पटवणार? तिला स्वतःचीच चीड आली. समोरच्या घड्याळात चंद्राआड जायची वेळ जवळ येत होती.

मग तिने डोळे मिटले आणि आवाज बदलला. तोच जुना, टोचून बोलणारा.

"बरं बाई, ओळखलंस. सरावच आहे. आणि तू नापास झालीयस."

मुख्य साहेब ताडकन उठले. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"नापास? का?" वरून आवाज आला. आता त्यात जरा जान होती. ही पोरगी शाळेत अर्धा गुण गेला तरी जेवत नसे.

"भोंगा बंद केलास, पण मास्क कुठे लावलास? कॅप्टनला कुणी लावायचा, मी? दुसरा पंखा कोण सुरू करणार? जाऊ दे, तुझ्याने नाही व्हायचं. पुढच्या खेपेला दुसरी कोणी पाठवू."

"थांब! थांब ना! लावते."

काहीतरी खडखडलं. "आधी माझा... मग त्याचा... मग पंखा..." ठमी पुटपुटत होती. आणि मधेच आवाज तुटला. यान चंद्राआड गेलं होतं.

पुढचा वेळ सगळे घड्याळाकडे बघत बसले. डॉक्टरीणबाई नखं खात होत्या. बोलक्या कळलावीच्या खुर्चीमागे उभा होता. ती रडत होती, आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही. मास्क लावला असेल का? की पट्टा हातात धरूनच झोपली असेल?

खरखर झाली. मग खोकला. पुरुषी खोकला.

"कॅप्टन बोलतोय," घोगरा आवाज आला. "डोकं फुटतंय, पण दोघंही ठीक आहोत. पंखा चालू आहे."

कक्षात एकच गलका झाला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी कुणाला मिठी मारली. तेवढ्यात ठमीचा आवाज आला, आणि तो अगदी स्वच्छ होता.

"आत्या, तू म्हणालीस सराव आहे."

"हो."

"नव्हता ना?"

"नव्हता गं."



"कळतंय मला का खोटं बोललीस ते. नाहीतर आम्ही गेलो असतो. पण अजून घरी यायचंय आम्हाला. पृथ्वीच्या वातावरणात शिरायचंय. तेव्हा तू म्हणालीस सगळं ठीक आहे, तर मी काय समजू?"

शपथ घालावी, तर तीही वापरून झालेली. तिने हेडफोन काढला आणि बोलक्याच्या हातात ठेवला.

"तू बस. तू तिच्याशी कधी खोटं बोलला नाहीस."

"अगं, पण ती तुझंच ऐकते!" मुख्य साहेब म्हणाले.

"आता नको ऐकायला," ती म्हणाली आणि खुर्ची सोडून उभी राहिली.

"आत्या?" वरून हाक आली. "आत्या, आहेस ना तिथे?"

बोलक्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, तूच सांग म्हणून.

"आहे," बोलक्या माइकमध्ये म्हणाला. "माझ्या शेजारीच उभी आहे. रडतेय. हे मी सांगतोय, म्हणजे खरं आहे."