ऐकू येईपर्यंत सही नाही

गुलजारबीचे कान गेले, हे वडाळागावात सगळ्यांत शेवटी गुलजारबीलाच पटलं. पोरांना आधी कळलं. पोरांना सगळंच आधी कळतं मेल्यांना.

गुलजारबी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत चटई टाकून गल्लीतल्या मुलांना कुराण वाचायला शिकवायची. हे काम कानाचं. मूल एक ओळ म्हणणार, ती ऐकणार, कुठे घसरलं की त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारणार आणि परत म्हणायला लावणार. तिच्या टिचकीला घाबरत घाबरत निम्मी गल्ली शिकून मोठी झाली. पण हल्ली टिचक्या कमी झाल्या होत्या. पोरं तिला आपा म्हणायची. आपाला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोणी अर्धी ओळ गिळत होतं, कोणी नुसतेच ओठ हलवत होतं, आणि आपा मान डोलावून शाबासकी देत होती.

मग एक दिवस आलिमा आली. आलिमा शिलाईकाम करायची, गल्लीच्या टोकाला राहायची. लहानपणी ती याच चटईवर शिकली होती आणि आता तिचा फराज तिथे बसत होता. तिनं गुलजारबीच्या कानाला तोंड लावलं आणि सांगून टाकलं, "आपा, वाईट वाटून घेऊ नका. फराज नमाजात चुकीचं म्हणतो. मशिदीतल्या हाफिजसाहेबांनी मला बोलावून सांगितलं. ईदनंतर मी त्याला दुसरीकडे घालणार. बाकीच्या आयाही तेच म्हणतायत."

गुलजारबीला ते फार लागलं. नवरा गेल्यावर तिनं स्वतःला सावरलं होतं ते या चटईच्या जोरावर. दुपार झाली की दारात चपलांचा ढीग पडायचा, खोली भरून जायची आणि रडत बसायला वेळच उरायचा नाही. तो ढीग नसला तर त्या घरात तिनं एकटीनं करायचं काय?

"ईदपर्यंत थांब," ती म्हणाली. "तोवर मी कानाचं बघते."

दुकानातलं मशीन तिला परवडणारं नव्हतं, तेव्हा सरकारी योजनेच्या मागे लागणं आलं. दाखले झाले, तपासणी झाली, दोन्ही कानांत मऊ मऊ काहीतरी भरून कानाचे साचेही घेऊन झाले. शेवटी बोलावणं आलं. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम, पाहुण्यांच्या हस्ते मशीनवाटप. गुलजारबीनं आलिमालाच सोबत घेतलं. तक्रार केलीस ना, मग चल आता रिक्षातून.

हॉलमध्ये सगळं झोकात होतं. नाव पुकारलं की म्हातारा स्टेजवर जायचा. पाहुणे हातात खोका द्यायचे. कार्यक्रम करणाऱ्या संस्थेचे शेखरसाहेब खोक्यातलं मशीन काढून त्याच्या कानामागे अडकवायचे. मग पाहुणे माइकवर विचारायचे, "ऐकू येतंय ना काका?" काका मान हलवायचे. टाळ्या, फोटो, आणि उतरा खाली. खाली टेबलाशी सही करायची आणि घरी जायचं.

आणि बघा, एकजात सगळे हो म्हणत होते. आपल्या लोकांची खोडच आहे ही. समोरचा आपल्या हातानं देतोय आणि त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं? दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यावर भाजी खारट झालीय असं सांगतो का कोणी?

गुलजारबीच्या शेजारची खुर्ची हरसूलच्या नाथाबाबांची होती. तेही वर जाऊन, हो म्हणून, फोटो काढून परत आले. त्यांच्या कानातलं मशीन कुकरसारखं शिट्ट्या मारत होतं. आलिमानं दोन्ही हात कानांवर ठेवले. गुलजारबीनं बोटानं खूण करून विचारलं, येतंय का ऐकू?

"काय नाय," नाथाबाबा बहिऱ्या माणसाच्या सवयीनं ओरडूनच बोलले. "नुसता आवाज होतो डोस्क्यात. पन पाव्हण्याला नाय कसं म्हनायचं?"

एवढ्यात आलिमा टेबलाकडे जाऊन आली. तिचा चेहरा उतरला होता. ती गुलजारबीच्या कानाला तोंड लावून मोठ्यानं म्हणाली, "आपा, सही केली की मशीन मिळालं असं धरतात. मग तीन वर्षं दुसरं नाही. आणि मशीन कानाला जुळवून द्यायचं असतं ते नंतर, तारीख कळवू म्हणतायत. कधी ते कोणालाच माहीत नाही."

ईद तर तोंडावर आली होती. तेवढ्यात गुलजारबीचं नाव पुकारलं.

ती वर गेली. खोका मिळाला. शेखरसाहेबांनी मशीन अडकवलं, आणि तिच्या डोक्यात एकदम शिट्टी घुसली. पाहुण्यांचे ओठ हलले. काय विचारलं ते तिला पाठ झालं होतं.

"नाही," गुलजारबी म्हणाली.

पाहुण्यांना वाटलं, आजींना प्रश्न कळला नाही. त्यांनी हसून परत विचारलं.

"नाही साहेब. शिट्टी येते. तुमचा आवाज येत नाही."

माइक सुरूच होता. शेखरसाहेब लगबगीनं पुढे आले आणि तिच्या कानात कुजबुजू लागले. बहिऱ्या बाईच्या कानात कुजबुजणं, काय म्हणावं या माणसाला!

"काय म्हणालात? मोठ्यानं सांगा," गुलजारबीनं माइक आपल्याकडे ओढला. "सगळ्यांसमोर सांगा."

हॉलमध्ये हशा पिकला. शेखरसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी खोक्याला हात घातला आणि पुढचं नाव घ्यायची खूण केली. त्यांचं बोलणं गुलजारबीला कळलं नव्हतं, पण हात कळला. नको तर राहिलं, परत जाईल मशीन. नुसती मान हलवली असती तर निदान खोका घरी गेला असता. पण खोटी मान ती दोन वर्षं हलवत आली होती. पोरांपुढे हलवली, त्यांच्या आयांपुढे हलवली, आणि त्यानंच चटई रिकामी व्हायची वेळ आली होती.

तिनं खोका छातीशी धरला. "मशीन माझ्या हक्काचं आहे, ते देणार नाही. आणि ऐकू येईपर्यंत सही करणार नाही. मी इथेच बसते." आणि ती खरंच स्टेजवर मांडी घालून बसली.

खाली नाथाबाबा उभे राहिले. बाई काय बोलली ते त्यांना कुठलं ऐकू यायला, पण बसलेली दिसली. त्यांनी कानातलं मशीन काढून डोक्यावर धरलं. "माझं बी चालत नाय. मगाशी मी खोटं बोललो." मग मागच्या रांगेतून एक हात वर आला, मग आणखी दोन. सही करून दाराकडे निघालेले लोकसुद्धा परत फिरले. पाहुणे शहाणे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, "यांचं काय ते नीट करून द्या," असं माइकवरच सांगितलं आणि निघाले.

कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन मशीन जुळवणाऱ्या योगिनी मॅडम सकाळपासून रिकाम्या बसून होत्या. वेळ नाही म्हणून त्यांना काम करूच दिलं नव्हतं. त्या ताडकन उठल्या. "मी पहिल्यापासून हेच सांगतेय. प्रत्येकाचे साचे पिशवीत तसेच पडलेत. साचा नसेल तर शिट्टी वाजणारच." शेखरसाहेबांनी मुकाट्यानं खुर्च्या लावल्या.

योगिनी मॅडमनी गुलजारबीला खुर्चीत बसवलं, तिचा साचा शोधून मशीनला लावला, तो कानात नीट बसवला, लॅपटॉप जोडला, आवाज वर केला, खाली केला. मग त्या तिच्या पाठीमागे जाऊन साध्या आवाजात म्हणाल्या, "आजी, ऐकू येतंय?"

"येतंय," गुलजारबी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती उठली नाही. "पण तुमच्या बोलण्यावर माझं काम चालत नाही. आलिमा, मागे उभी राहा. फराजचा आत्ताचा सबक, चालू आहे तो धडा, म्हणून दाखव."

आलिमानं डोक्यावर ओढणी घेतली आणि म्हणायला लागली. हळूच, लोकांची लाज वाटत होती म्हणून. चौथ्या ओळीला गुलजारबीनं हात वर केला.

"थांब. परत."

आलिमानं परत म्हटलं.

"परत. शेवट गिळतेस तू. लहानपणी अशी म्हणत नव्हतीस, मी म्हणू दिलंच नसतं." गुलजारबी खुर्चीत वळली. "घरी फराजचा सबक कोण घेतं?"

आलिमा ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मीच, आपा. रोज. मी म्हणते तसंच तो म्हणतो."

गुलजारबी उठली, टेबलाशी गेली आणि ठसठशीत सही केली.

"उद्या दुपारी त्याला घेऊन ये," ती म्हणाली. "आणि तूही चटईवर बस."